जंतूची विद्या आणि कपाशीचें बोंड

देवघरांतील वातीपासून बाळाच्या दुपट्यापर्यंत कापसावांचून आपल्या घराचें पान हालत नाहीं. परंतु हा कापूस देणाऱ्या कपाशीच्या बियाण्यांत गेल्या दोन तपांत केवढी क्रांति झाली, याची कल्पना शहरवासी वाचकांस क्वचितच असते. या क्रांतींत छत्रपती संभाजीनगरच्या शेजारील जालन्याचा मोठा वांटा आहे. आणि तिचें मूळ शोधूं गेल्यास तें एका क्षुद्र जंतूपाशीं जाऊन पोंचतें.

द्राक्ष, गुलाब इत्यादि झाडांच्या बुंध्याशीं कधीं कधीं ओबडधोबड गांठ येते. ती जमिनींतील एका जंतूमुळें येते, हें १९०७ सालीं अमेरिकेंत सिद्ध झालें. या जंतूस आज अग्रोबॅक्टेरियम म्हणतात. परंतु जंतु नाहींसा झाला तरी गांठ वाढतच कां राहते, हें कोडें पुष्कळ वर्षें सुटलें नाहीं. १९७४ मध्यें बेल्जममधील शेल व व्हान मोंटेग्यू यांच्या प्रयोगशाळेंत असें आढळलें कीं, या जंतूच्या अंगीं मुख्य गुणसूत्राखेरीज जनुकांचें एक निराळें वर्तुळ असतें व गांठ आणण्याचें सामर्थ्य त्यांतच असतें. अशा वर्तुळास प्लाझ्मिड म्हणतात. १९७७ सालीं मेरी-डेल चिल्टन व त्यांचे सहकारी यांनीं याहून मोठें नवल उघड केलें. प्लाझ्मिडाचा एक तुकडा झाडाच्या पेशींत शिरून तिच्या जनुकांतच ठाण मांडतो! मग झाड बिचारें गांठ वाढवितें आणि जंतूला लागणारें अन्न शिजवितें.

शास्त्रज्ञांनीं ही ठकविद्याच कामास लावली. तुकड्यांतील गांठ आणणारीं जनुकें काढावयाचीं, दोन टोकें तेवढीं राखावयाचीं आणि मध्यें आपणांस हवें तें जनुक बसवावयाचें. टपालवाला तोच, पत्र मात्र आपलें! १९८३ मध्यें तंबाखूवर हा प्रयोग यशस्वी झाला.

कपाशींत याच वाहकाकरवीं बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजेच बीटी, नांवाच्या दुसऱ्या जंतूचें जनुक घालण्यांत आलें. त्यामुळें झाडांत एक प्रथिन बनतें. तें पोटांत गेलें कीं बोंडअळीच्या आंतड्यास छिद्रें पडून ती मरते. अमेरिकेच्या मोन्सँटो कंपनीच्या या कपाशीचा बद्रीनारायण बारवाले यांनीं जालन्यास १९६४ सालीं स्थापिलेल्या महिको कंपनीनें आपल्याकडील वाणांशीं संकर केला. २६ मार्च २००२ रोजीं तीन संकरित वाणांस सरकारी समितीची मान्यता मिळाली. थोड्याच वर्षांत देशांतील बहुतेक कपाशी बीटी झाली, आणि बोंडअळीसाठींची फवारणी आरंभीं बरीच घटली.

परंतु निसर्ग स्वस्थ बसत नाहीं. लाखों अळ्यांत एखादी विष पचविणारी निघते, व तिचाच वंश वाढूं लागतो. यावर तोड म्हणून शेताच्या कडेनें साध्या कपाशीच्या निदान पांच ओळी लावण्याचा नियम होता. तेथें वाढलेल्या दुबळ्या पतंगांशीं विषपचव्या पतंगांचा संयोग झाला कीं त्यांची संतति बहुधा बीटीपुढें टिकत नाहीं. त्यासाठीं बीटीच्या ४५० ग्रॅम बियाण्याबरोबर १२० ग्रॅम साधें बियाणेंही मिळत असे. पण कडेच्या ओळी अळीस अर्पण करण्यास कोण राजी होणार? तें पुडकें बहुधा तसेंच पडून राही. २००६ मध्यें दोन जनुकांचें बियाणें आलें. तरीही २०१७ च्या हंगामांत महाराष्ट्रांतील कपाशीस गुलाबी बोंडअळीनें पोखरलें, आणि महाग बियाणें घेऊनही मराठवाड्यांतील शेतकऱ्यास पुन्हां फवारणीचा खर्च सोसावा लागला.

दोष एकट्या शेतकऱ्याचा नव्हे. ज्याचें पोट एका हंगामावर अवलंबून, त्यास दहा वर्षांनंतरचा लाभ सांगून भागत नाहीं. त्या पांच ओळींचा भार समाजानेंही उचलावयास हवा होता. आपल्या घरांत जेवणापूर्वीं काकबळी ठेवण्याची रीत आहे. तो घांस वायां जातो असें आपण कधीं म्हणत नाहीं. शेतांतील त्या पांच ओळीही तशाच होत्या.