कंपायलर-ड्रायव्हर : प्रयोजक कर्ता आणि त्याची जबाबदारी

शब्दगणना, रूपविश्लेषण, वाक्यांची संभाव्यता मोजणे अशा कामांसाठी भाषाविज्ञानात संगणकाचा उपयोग आता नित्याचा झाला आहे. सी किंवा सी प्लस प्लस या भाषेत लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरविण्यासाठी अभ्यासक ‘जीसीसी’ ही एकच आज्ञा देतो आणि चालविता येईल अशी फाइल त्याच्या हाती येते. जीसीसीने भाषांतर केले, असे तो म्हणतो. व्यवहारात हे म्हणणे चालते. शास्त्रदृष्ट्या मात्र ते अपुरे आहे. या नावाने हाक मारली असता जो प्रोग्राम पुढे येतो, तो स्वतः एका ओळीचेही भाषांतर करीत नाही. तो ते इतरांकडून करवून घेतो. त्यास कंपायलर-ड्रायव्हर म्हणतात.

व्याकरणाच्या अभ्यासकास हा भेद अपरिचित नाही. ‘गवंडी भिंत बांधतो’ आणि ‘मालक गवंड्याकडून भिंत बांधवितो’ या दोन वाक्यांत बांधण्याची क्रिया एकच आहे. परंतु दुसऱ्या वाक्यात प्रत्यक्ष बांधणारा आणि बांधवून घेणारा असे दोघे आहेत. पाणिनीने अशा प्रयोजकास ‘हेतु’ ही संज्ञा दिली, पण त्याचे कर्तृत्व काढून घेतले नाही. प्रयोजक हा हेतूही आहे आणि कर्ताही आहे. ड्रायव्हरच्या बाबतीत हीच दृष्टी ठेवणे आवश्यक आहे. त्याने घेतलेले निर्णय अंतिम फलात उतरतात, आणि म्हणून ते संशोधनाच्या साधनसामग्रीचाच एक भाग ठरतात.

१. ड्रायव्हर काय करवितो

ही व्यवस्था जुनी आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झालेल्या युनिक्स प्रणालीतील ‘सीसी’ ही आज्ञा याच प्रकारची होती. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली जीसीसी प्रथम प्रसिद्ध केला तेव्हा त्यांनीही तीच पद्धत स्वीकारली. प्रारंभी तो केवळ सी भाषेचा कंपायलर होता. पुढे अनेक भाषा त्यात आल्या आणि आद्याक्षरे तीच ठेवून नाव ‘ग्नू कंपायलर संग्रह’ अशा अर्थाचे झाले.

सी भाषेतील एक फाइल दिली असता काम सामान्यतः चार टप्प्यांनी होते. प्रथम प्रीप्रोसेसर बाहेरच्या फाइलींतील मजकूर जागच्या जागी आणून बसवितो. नंतर खरा कंपायलर त्याचे असेंब्ली भाषेत रूपांतर करतो. हल्ली हे दोन्ही टप्पे ‘सीसी-वन’ नावाचा एकच प्रोग्राम पार पाडतो. तिसऱ्या टप्प्यात असेंब्लर ऑब्जेक्ट फाइल तयार करतो. चौथ्या टप्प्यात लिंकर अशा फाइली व ग्रंथालये, म्हणजे लायब्रऱ्या, एकत्र जोडतो. लिंकरलाही ड्रायव्हर सरळ बोलावीत नाही. ‘कलेक्ट-टू’ नावाचा आणखी एक मध्यस्थ तेथे असतो.

हे काम कोठे थांबवावे हे ड्रायव्हरला सांगता येते. संयोगचिन्हापुढे मोठ्या लिपीतील ‘ई’ लिहिल्यास तो प्रीप्रोसेसरनंतर थांबतो, मोठ्या लिपीतील ‘एस’ लिहिल्यास असेंब्ली मजकुरानंतर, आणि लहान ‘सी’ लिहिल्यास ऑब्जेक्ट फाइल झाल्यावर थांबतो. त्याहून उद्बोधक पर्याय दोन आहेत. लहान ‘व्ही’ या पर्यायाने ड्रायव्हर दिलेली प्रत्येक उपआज्ञा दाखवीत काम करतो. संयोगचिन्हापुढे तीन हॅश चिन्हे लिहिल्यास तो उपआज्ञा दाखवितो, परंतु अंमलात आणीत नाही. एका ओळीच्या आज्ञेतून कितीतरी ओळींचा मजकूर बाहेर येतो, आणि अभ्यासकाने न लिहिलेले किती पर्याय ड्रायव्हरने आपल्या पदरचे घातले आहेत हे तेव्हा कळते.

जीसीसीच्या अंतरंगाचा पद्धतशीर अभ्यास महाराष्ट्रात झालेला आहे. पवई येथील आय. आय. टी. मुंबईच्या संगणकशास्त्र विभागात प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसी संसाधन केंद्र उभे राहिले, आणि २०११ साली त्याने जीसीसीमागील मूलभूत संकल्पनांवर कार्यशाळा घेतली. कंपायलर ही वापरून सोडून द्यावयाची वस्तू नसून वाचावयाची व समजून घ्यावयाची वस्तू आहे, ही भूमिका अशा प्रयत्नांमुळे आपल्याकडे रुजली.

२. ड्रायव्हर कशावरून ठरवितो

ड्रायव्हर मजकूर वाचीत नाही. तो फाइलीच्या नावाचा शेवट वाचतो. बिंदूनंतर लहान ‘सी’ असेल तर फाइल सी भाषेची, मोठा ‘सी’ असेल तर सी प्लस प्लसची. बिंदूनंतर लहान ‘एस’ असेल तर ती सरळ असेंब्लरकडे जाते. मोठा ‘एस’ असेल तर तिच्यावर आधी प्रीप्रोसेसरचा संस्कार होतो. प्रत्ययावरून प्रकृतीचा वर्ग ठरविण्यासारखाच हा प्रकार आहे. नावावर विसंबावयाचे नसेल, तर लहान ‘एक्स’ या पर्यायाने भाषा स्पष्टपणे सांगता येते.

ड्रायव्हरला कोणत्या नावाने हाक मारली, यावरूनही फरक पडतो. ‘जी प्लस प्लस’ हे नाव वापरल्यास तो जोडणीच्या वेळी सी प्लस प्लसचे प्रमाण ग्रंथालय आपण होऊन घालतो. ‘जीसीसी’ या नावाने तो ते घालीत नाही. सी प्लस प्लसच्या ऑब्जेक्ट फाइली ‘जीसीसी’ म्हणून जोडावयास गेल्यास लिंकर अनेक नावे सापडत नसल्याची तक्रार करतो. नवख्या विद्यार्थ्यास दोष आपल्या प्रोग्राममध्ये आहे असे वाटते. वस्तुतः तो हाक मारण्यात असतो.

३. ड्रायव्हरला वळण लावणे

ड्रायव्हरचे हे सर्व नियम ‘स्पेक’ नावाच्या सूत्रांत लिहिलेले असतात. ‘डंपस्पेक्स’ हा पर्याय दिला असता ती सूत्रे जशीच्या तशी छापून मिळतात. त्यांची रचना आटोपशीर आहे. टक्क्याचे चिन्ह, महिरपी कंसात एखाद्या पर्यायाचे नाव, अपूर्णविराम आणि त्यापुढे काही मजकूर, एवढ्याचा अर्थ असा की, तो पर्याय दिला असेल तर हा मजकूर उपआज्ञेत घालावा. विशिष्ट परिस्थितीत विशिष्ट आदेश, ही सूत्रवाङ्मयाच्या अभ्यासकास ओळखीची वाटणारी पद्धत आहे.

ही सूत्रे वापरणाऱ्यास बदलता येतात. वेगळी स्पेक-फाइल लिहून ‘स्पेक्स’ या पर्यायाने ती दिल्यास तिच्यातील सूत्र मूळ सूत्राची जागा घेते. सूत्राच्या आरंभी अधिकचिन्ह असल्यास ते मूळ सूत्रास केवळ जोडले जाते. लहान सूक्ष्मनियंत्रकांसाठी प्रोग्राम तयार करताना ‘नॅनो’ नावाची स्पेक-फाइल देऊन आटोपशीर ग्रंथालय जोडून घेण्याची रीत सर्रास रूढ आहे. याखेरीज मोठ्या लिपीतील ‘बी’ या पर्यायाने असेंब्लर, लिंकर इत्यादी सहायक कोठे शोधावेत हे सांगता येते. महासंगणकांवर समांतर गणनेसाठी वापरली जाणारी ‘एमपीआयसीसी’ ही आज्ञा तर ड्रायव्हरलाच कामास लावते. तिला प्रयोजकाचाही प्रयोजक म्हणावयास हरकत नाही.

४. निर्णयाचा फलावर परिणाम

समजा, भोर व वेल्हे परिसरातील बोलीच्या वाक्यांची संभाव्यता एका प्रोग्रामने मोजावयाची आहे. वाक्यात दहा शब्द आहेत आणि प्रत्येकाची संभाव्यता सुमारे दहा हजारांत एक आहे. त्यांचा गुणाकार १०च्या उणे ४०व्या घाताएवढा येतो. एकेरी अचूकतेच्या अपूर्णांकांत पूर्ण अचूकतेने लिहिता येणारी लहानांत लहान संख्या सुमारे १.१८ गुणिले १०चा उणे ३८वा घात एवढी आहे. तिच्याखाली, सुमारे १.४ गुणिले १०च्या उणे ४५व्या घातापर्यंत, यंत्र कमी अचूकतेने का होईना, पण संख्या धरून ठेवते. उपरिनिर्दिष्ट वाक्याची संभाव्यता याच पट्ट्यात पडते.

आता हा प्रोग्राम इंटेलच्या पद्धतीच्या यंत्रावर, लिनक्सखाली, कोणताही विशेष पर्याय न देता ऑब्जेक्ट फाइलीत उतरविला आणि केवळ जोडणीच्या वेळी ‘फास्ट-मॅथ’ हा पर्याय दिला, तर ड्रायव्हरचे एक सूत्र जागे होते आणि ‘सीआरटी-फास्टमॅथ’ नावाची एक लहानशी ऑब्जेक्ट फाइल जोडणीत घातली जाते. प्रोग्राम सुरू होताच ती या पट्ट्यातील संख्या शून्य धराव्यात अशी सूचना प्रोसेसरला देते. अभ्यासकाच्या ऑब्जेक्ट फाइलीतील एक बिटही बदललेला नाही. तरीही वाक्याची संभाव्यता शून्य येते. वस्तुतः भिन्न संभाव्यतेची दोन वाक्ये अशा रीतीने समान, म्हणजे अशक्य, ठरतात आणि त्यांचा क्रम लावता येत नाही.

हाच पर्याय देऊन तयार केलेले सामायिक ग्रंथालय तर ते वापरणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला ही सवय लावीत असे. सामायिक ग्रंथालयांपुरती ही रीत जीसीसीच्या १३व्या आवृत्तीत, २०२३ साली, बंद करण्यात आली. स्वतंत्र प्रोग्रामच्या जोडणीत ती चालूच राहिली. गुणाकाराऐवजी लॉगरिथमांची बेरीज करणे हा गणिती उपाय सर्वश्रुत आहे. परंतु तो केला नसेल, तर दोष शोधताना प्रोग्रामचा मजकूर कितीही वेळा वाचला तरी उत्तर सापडणार नाही; ते ड्रायव्हरच्या सूत्रांत आहे.

५. नोंद कशाची ठेवावी

म्हणून संगणकीय गणनेवर आधारलेल्या प्रबंधात प्रोग्रामच्या मजकुराबरोबर ड्रायव्हरची पूर्ण आज्ञा, त्याची आवृत्ती आणि स्पेक-फाइल वापरली असल्यास ती फाइल जपून ठेवावी. आवृत्तीचे महत्त्व कमी लेखू नये. सी भाषेचे गृहीत धरलेले प्रमाणरूप पाचव्या (२०१५), आठव्या (२०१८) आणि पंधराव्या (२०२५) आवृत्तीत बदलले. शेवटच्या बदलामुळे ‘बूल’ हा शब्द सी भाषेत राखीव झाला. तेच नाव चलासाठी वापरणारा जुना प्रोग्राम नव्या आवृत्तीत, प्रमाणरूप स्पष्टपणे न सांगितल्यास, नाकारला जातो.

दिलेले पर्याय ऑब्जेक्ट फाइलीतच नोंदवून ठेवणारा ‘रेकॉर्ड-जीसीसी-स्विचेस’ हा पर्याय उपयुक्त आहे. पण तो भाषांतराच्या टप्प्याचे पर्याय नोंदवितो, जोडणीचे नाही. वर दाखविलेला घोटाळा त्याच्या नोंदीत येणार नाही. त्यासाठी जोडणीच्या वेळी लहान ‘व्ही’ पर्यायाने मिळणारा मजकूर स्वतंत्र फाइलीत साठविणे हाच भरवशाचा मार्ग होय. ही नोंद घेण्यास क्षणभरही लागत नाही. ती नसल्यास मात्र दुसऱ्या अभ्यासकास तोच निष्कर्ष पुन्हा पडताळून पाहणे दुरापास्त होते.