कारच्या इंजिनातला शाफ्ट ऑइलवर 'तरंगतो'. म्हणूनच लाल दिवा पेटला की लगेच थांबायचं!

गाडी चालवताना डॅशबोर्डवर तेलाच्या किटलीचं लाल चिन्ह पेटतं. अनेक जण 'पुढच्या गॅरेजला दाखवू' म्हणत गाडी तशीच दामटतात. पण तिथे पोहोचेपर्यंत इंजिन जाम झालेलं असू शकतं. असं का होतं?

छर्रे नसलेलं बेअरिंग

बेअरिंग म्हटलं की आपल्याला छर्रे आठवतात. पण बहुतेक कार आणि ट्रकच्या इंजिनात क्रँकशाफ्ट ज्यात फिरतो, त्या बेअरिंगमध्ये छर्रे नसतात. असतात फक्त धातूच्या दोन अर्धगोल, गुळगुळीत पट्ट्या. हेच प्लेन बेअरिंग. शाफ्ट आणि पट्टीमधली फट केसाच्या जाडीपेक्षाही कमी असते आणि ती ऑइलने भरलेली असते.

मग भार कोण पेलतं?

ऑइलचा हा पातळ थर! भारामुळे शाफ्ट किंचित एका बाजूला सरकतो आणि तिथली फट निमुळती होते. फिरणारा शाफ्ट ऑइलला ओढून त्या अरुंद जागेत कोंबतो. तिथे प्रचंड दाब तयार होतो आणि शाफ्ट धातूला न टेकता ऑइलवर तरंगतो. पावसात भरधाव गाडीचं टायर पाण्याच्या थरावर चढतं, तसंच काहीसं. ऑइल पंपाचं काम फक्त ऑइल पोहोचवण्याचं.

बुचाने फोडलं गुपित

1883 च्या सुमारास इंग्लंडमध्ये बोशाँ टॉवर हे इंजिनिअर रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. बेअरिंगला वरून पाडलेल्या छिद्रातून ऑइल बाहेर येऊ लागलं. त्यांनी बूच ठोकलं, तर तेही बाहेर फेकलं गेलं. आत एवढा दाब आहे, हे तेव्हा कळलं. 1886 मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी त्यामागचं गणित मांडलं.

ऑइल संपलं तर?

थर तुटतो, धातू धातूवर घासतो. पट्टीवरचा मऊ धातू वितळतो, इंजिनातून ठकठक आवाज येतो आणि शेवटी शाफ्ट जाम होतो.

त्यामुळे लाल दिवा पेटला तर गाडी सुरक्षितपणे बाजूला घ्या, इंजिन लगेच बंद करा आणि थोड्या वेळाने डिपस्टिकने ऑइल तपासा. पातळी बरोबर असली तरी पुन्हा स्टार्टर मारू नका, मेकॅनिकला बोलवा. टोइंगचा खर्च नव्या इंजिनापेक्षा नक्कीच स्वस्त पडतो.