मिग ते तेजस: ओझरच्या मापांचा मागोवा

२६ सप्टेंबर २०२५ ला हवाई दलानं चंडीगडमध्ये मिग-२१ ला निरोप दिला. तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, निफाड तालुक्यातल्या ओझरहून तिथंच तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ए झेपावलं. या दोन विमानांमधल्या साठ वर्षांत आराखड्यातलं एखादं माप बदलण्याची रीतच पालटून गेली.

ओझरचा हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा (एचएएल) कारखाना १९६४ मध्ये मिगसाठीच उभा राहिला. इथं मिग-२१ चं एफएल बनलं, मग एम, मग बिस. एफएलमध्ये अंगभूत तोफ नव्हती, एममध्ये ती आली. बिसला आर-२५ हे जास्त ताकदीचं इंजिन मिळालं. आज कॅडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या आराखड्यात, एकाच मॉडेलच्या अशा वेगवेगळ्या रूपांना कॉन्फिगरेशन म्हणतात; हे तेच, पण कागदावरचं. कागदाच्या काळात ब्रॅकेटचं एक छिद्र सरकलं की त्याच्याशी संबंध असलेलं प्रत्येक ड्रॉइंग शोधायचं, ट्रेसिंगवरचा आकडा ब्लेडनं खरवडायचा, कोपऱ्यातल्या चौकटीत रिव्हिजन वाढवायची आणि शॉपमधल्या जुन्या प्रिंट परत मागवायच्या. एक प्रिंट मागं राहिली, तर भाग जुन्याच मापाचा निघायचा. त्या ड्रॉइंग ऑफिसांच्या शिस्तीबद्दल मला फार आदर आहे.

एक माप बदललं की बाकीची आपोआप बदलावीत, म्हणून मापं एकमेकांना बांधून ठेवायची कल्पना आयव्हन सदरलंड यांच्या १९६३ च्या स्केचपॅड या संगणक-प्रणालीत होती. बाजारात ती रुजवली १९८८ च्या प्रो-इंजिनिअर या कॅड सॉफ्टवेअरनं. १९९५ मध्ये सॉलिडवर्क्स साध्या विंडोज संगणकावर आलं आणि लहान कारखान्यांसाठीही हे दार उघडलं.

मापं अशी बांधण्याचं निफाडच्या शिवारातलं उदाहरण म्हणजे द्राक्षबागेत फवारणी करणारा ब्लोअर. ओळींमधलं अंतर ९ फूट की १०, टाकी ४०० लिटरची की ६००, यावर चासीची रुंदी, चाकांमधलं अंतर, नोझलची संख्या ठरते. प्रत्येक मापाला नाव द्यायचं, चासीची रुंदी टाकीच्या रुंदीवरून सूत्रानं काढायची आणि टेबलमध्ये एकेका मॉडेलला एकेक ओळ द्यायची. टाकीचा आकडा बदलला की सगळी चासी नव्यानं उभी राहते. मात्र आडव्या पट्टीवरच्या छिद्रांचं अंतर सूत्रात न बांधता नुसतं टाइप केलेलं असेल, तर पट्टी आखूड होताच शेवटचं छिद्र कडेबाहेर जातं आणि फीचर ट्रीमध्ये, म्हणजे मॉडेलच्या घडणीच्या यादीत, लाल खूण उमटते. माझ्या मते ती खूण उपकारकच आहे. लाल न होता चुकीच्या मापावर गुपचूप उभं राहिलेलं मॉडेल थेट वेल्डिंगपर्यंत पोचतं.

एकाच मॉडेलची वेगवेगळी रूपं सांभाळण्याचा प्रश्न ओझरला सुखोईनंही घातला. जून २०१६ मध्ये ब्रह्मोस पोटाशी घेऊन सुखोई-३० एमकेआय इथूनच उडालं. अडीच टनांचं क्षेपणास्त्र पेलायला विमानाचा सांगाडा मजबूत करावा लागला, आणि तोही मोजक्याच विमानांचा. त्यामुळे नाव एकच असलं तरी कुठलं विमान कुठल्या रूपात आहे, याची नोंद त्याच्या क्रमांकानिशी ठेवावी लागते.

आता ओझरची तेजसची लाइन वर्षाला ८ विमानांची आहे. ती विमानं काही दशकं उडतील. त्यांची मापं ठरवणारे तोवर निवृत्त झालेले असतील. म्हणून कॅडच्या टेबलमध्ये मापाशेजारी आणखी एक रकाना असावा असा माझा आग्रह आहे: हे माप का बदललं, कुणाच्या सांगण्यावरून आणि कितव्या विमानापासून. ब्लोअरच्या फाइललाही हाच रकाना हवा.