भंगारात दिलेल्या जुन्या मोबाईलचं पुढे काय होतं?

ड्रॉवरमध्ये बंद पडलेला मोबाईल, तुटका चार्जर, जुना रिमोट. भंगारवाला चार पैसे देतो, आपण देऊन मोकळे होतो.

यातला बराच माल दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांमध्ये पोहोचतो. तिथे तांब्यासाठी वायरी जाळतात, सोन्यासाठी सर्किट बोर्ड ॲसिडमध्ये बुडवतात. तेही बहुतेकदा मास्क, हातमोजे न घालता. विषारी धूर कामगारांच्या छातीत जातो आणि उरलेलं ॲसिड गटारात.

सोनं मात्र खरंच असतं बरं का! टोकियो ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिकची मिळून सुमारे ५ हजार पदकं जपानी लोकांनी दिलेल्या जुन्या उपकरणांतून बनली. त्यातून ३२ किलो सोनं निघालं.

मग द्यायचं कुठे? १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या नियमांनुसार ई-कचऱ्याच्या रिसायकलिंगची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर आहे. त्यामुळे आधी ब्रँडच्या वेबसाइटवर जुनं उपकरण परत घेण्याची सोय शोधा. नाहीतर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेला रिसायकलर गाठा. पैसे कमी मिळतील, कदाचित मिळणारही नाहीत.

देण्याआधी सिम काढा, फॅक्टरी रीसेट करा. बॅटरी फुगलेली असेल तर ती कचऱ्याच्या डब्यात अजिबात टाकू नका. घंटागाडीत दाबली गेली तर ती पेट घेऊ शकते.