पँट आधी मागेच का विरते?

सायकलने शाळेत येणाऱ्या मुलांच्या पँटी नीट पाहिल्या तर एक गोष्ट लक्षात येते. गुडघे, खिसे, पायाच्या कडा धडधाकट असतात. पण बसण्याची जागा आणि मांडीची आतली बाजू विरलेली असते. बाकीची पँट चांगली असूनही ती टाकून द्यावी लागते. वर्षात दुसरा गणवेश घेणे ज्या घराला जड जाते, त्या घरासाठी हा प्रश्न साधा नाही. गणवेशाचे कापड ठरवताना मात्र आपण बहुधा रंग, चमक आणि मीटरचा भाव एवढेच पाहतो.

प्रथम थोडा हिशेब करू. मूल २० मिनिटे सायकल चालवून शाळेत येते आणि मिनिटाला ५० वेळा पायडल फिरवते असे धरू. म्हणजे येताना १,००० फेरे, जाऊन-येऊन २,०००. शाळेचे २०० दिवस धरले तर वर्षाला ४ लाख फेरे झाले. उतारावर पाय थांबतात म्हणून निम्मे सोडून दिले तरी २ लाख उरतात. दर फेऱ्याला मांडी सीटच्या कडेवर घासते. वर शरीराचे वजन, आणि मध्ये रस्त्याची धूळ. धुळीतले वाळूचे कण धाग्यापेक्षा कितीतरी कठीण असतात, म्हणून ते पॉलिशपेपरचेच काम करतात.

घासल्याने कापडाचे नेमके काय होते? धागा म्हणजे अनेक बारीक तंतूंना दिलेला पीळ. घर्षणाने हे तंतू एकेक करून तुटतात किंवा पिळातून ओढले जाऊन बाहेर येतात. धागा बारीक होत जातो आणि एके दिवशी तुटतो. म्हणून लांब तंतूंचा, नीट पिळलेला, दुपदरी धागा जास्त टिकतो.

तंतूंच्या जातीनेही फरक पडतो. घासणे सहन करण्यात नायलॉन सर्वांत पुढे आहे. तो ताणला जातो आणि पुन्हा पूर्ववत होतो. त्याच्यामागे पॉलिएस्टर, मग कापूस. रेयॉन बराच मागे. ओले झाल्यावर आणखी एक गंमत दिसते. कापूस ओला झाला की त्याची ताकद थोडी वाढते, रेयॉनची मात्र जवळजवळ निम्मी होते. घामेजणाऱ्या सायकलस्वाराला रेयॉन का नको, हे यावरून कळेल.

मग सगळे कपडे नायलॉनचेच का शिवू नयेत? कारण अंगाला घाम येतो. नेहमीच्या हवेत १०० ग्रॅम कोरडा कापूस सुमारे ८ ग्रॅम पाणी धरून असतो. नायलॉन सुमारे ४ ग्रॅम, तर पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमही नाही. कापूस घाम टिपतो, म्हणून उन्हाळ्यात बरा वाटतो. दोन्हींचे गुण हवेत म्हणून टेरिकॉट, म्हणजे पॉलिएस्टर आणि कापूस यांचे मिश्रण, गणवेशात रूढ झाले.

वीणही पाहायला हवी. कापड उजेडासमोर धरा. धाग्यांमधून उजेड जितका कमी येईल तितकी वीण घट्ट. जीनच्या कापडावर दिसतात तशा तिरप्या रेघा असतील तर ती ट्विलची वीण. तीत धागे दाट बसवता येतात, म्हणून पँटीला ती चांगली.

शिवणीकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. चार शिवणी पायांच्या मध्ये एकत्र येतात. तिथे कापड उंच होते आणि तोच उंचवटा सीटवर सर्वांत जास्त घासतो. कडा आत दुमडून दोन टिपा घातलेली चपटी शिवण तिथे टिकते. बसण्याच्या जागी आतून त्याच कापडाचा दुसरा थर शिंप्याकडून सुरुवातीलाच लावून घ्यावा. फाटण्याची जागा ओळखून तेवढीच मजबूत करायची, ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत जेकब डेव्हिस या शिंप्याने मजुरांच्या पँटींचे खिसे उसवू नयेत म्हणून कोपऱ्यांत तांब्याचे रिव्हेट ठोकले. १८७३ साली त्याचे पेटंट त्याला आणि लीव्हाय स्ट्रॉस यांच्या कंपनीला मिळाले.

हे सर्व वर्गात करून पाहता येईल. शिंप्याकडून चार प्रकारच्या कापडांचे तुकडे आणावेत. प्रत्येक तुकडा लाकडी ठोकळ्यावर ताणून बसवावा आणि पॉलिशपेपर गुंडाळलेली वीट त्यावरून मागेपुढे ओढावी. पहिला धागा तुटेपर्यंतचे फेरे मुलांनी मोजावेत. वीट तीच, पॉलिशपेपर मात्र दर वेळी नवा. असे का, हे मुलांनाच विचारावे. प्रयोगशाळेतले मार्टिनडेल यंत्रही असेच करते: ठरावीक वजनाखाली कापड घासायचे आणि फेरे मोजायचे.

सहलीसाठी मात्र 'टिकाऊ' एवढेच पुरेसे नाही. पावसाळ्यात गडावर जाताना जीन भिजली तर फाटत नाही, पण पाणी धरून ठेवते. ते पाणी वाळताना अंगातली उष्णता घेते आणि वाऱ्यात मूल कुडकुडते. तिथे लवकर वाळणारे पॉलिएस्टर बरे. उलट, शेकोटीपाशी पॉलिएस्टर आणि नायलॉन धोक्याचे, कारण ते वितळून कातडीला चिकटतात. कापूसही पेट घेतो, पण वितळत नाही. तिथे जाड सुती किंवा लोकरीचे, अंगाबरोबर बसणारे कपडे घालावेत आणि आगीपासून अंतर राखावे.

शेवटी भावाचा प्रश्न. समजा, ३०० रुपयांची पँट सहा महिने टिकते आणि ४५० रुपयांची दीड वर्ष. पहिलीचा खर्च महिन्याला ५० रुपये, दुसरीचा २५. पण दीड वर्षात मूल वाढते! म्हणून पायाशी आणि कमरेला कापड आत मुडपून ठेवायला सांगावे, म्हणजे पँट पुढे उसवून वाढवता येते. कपडे सावलीत वाळवावेत, आणि कापड विरू लागताच, भोक पडण्याआधी, आतून ठिगळ लावावे. पुढच्या वर्षीच्या गणवेशाचे कापड ठरवताना मुलांनी मोजलेल्या फेऱ्यांचा तक्ता पालकांसमोर ठेवून पाहा. मीटरच्या भावाशेजारी तो आकडा दिसला, की निवड कदाचित वेगळी होईल.