‘ऑब्लाइज’ : बांधणारे आणि बांधले जाणारे

‘आय अ‍ॅम ऑब्लाइज्ड टु यू’ असे कोणी म्हटले तर तो आभार मानत असतो. ‘आय अ‍ॅम ऑब्लाइज्ड टु गो’ म्हटले तर त्याला जाणे भाग असते, मनात असो वा नसो. ‘टु’च्या पुढे माणूस आला की कृतज्ञता, क्रियापद आले की सक्ती. हे क्रियापद शिकणारा मराठी माणूस नेमका इथे अडतो. आपल्याकडे या दोन भावना एका वाक्यरचनेत मावतच नाहीत. आभार मानणारा ‘मी’ असतो: मी तुमचा आभारी आहे. सक्ती झाली की त्याच माणसाचा ‘मला’ होतो: मला जावे लागले, मला जाणे भाग आहे. कर्तेपण हातचे गेले हे मराठीत विभक्तीच सांगून टाकते. इंग्रजीतला ‘आय’ मात्र दोन्हीकडे जागचा हलत नाही. त्यामुळे पुढचा शब्द येईपर्यंत अर्थ लावण्याची घाई करू नये.

दोन अर्थ एका शब्दात आले कसे, ते त्याच्या मुळाकडे पाहिले की कळते. लॅटिनमध्ये ‘लिगारे’ म्हणजे बांधणे. हाडाला हाडाशी जखडून ठेवणारे ‘लिगामेंट’ याच धातूचे. त्याला ‘ऑब’ हा उपसर्ग लागून ‘ऑब्लिगारे’ झाले आणि फ्रेंचमार्गे ते 1300च्या सुमारास इंग्रजीत उतरले. तेव्हा त्याचा अर्थ एकच होता: शपथेने किंवा कराराने बांधणे. रोमन कायद्यात हा शब्द आधीच पक्का बसलेला होता. सम्राट जस्टिनियनने 533 मध्ये कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी जो पाठ्यग्रंथ सिद्ध करवला, त्यात ‘ऑब्लिगाशिओ’ची व्याख्याच कायद्याची गाठ अशी केली आहे, देणे चुकते करायला भाग पाडणारी. आजच्या कर्जरोख्यांच्या कागदपत्रांतही देणे लागणारा तो ‘ऑब्लिगॉर’ आणि ज्याचे येणे आहे तो ‘ऑब्लिजी’. आपल्या कायद्याच्या मराठीत ‘ऑब्लिगेशन’ला ‘आबंधन’ म्हणतात. त्यातही बंध आहेच.

उपकाराचा अर्थ मागाहून, सोळाव्या शतकात आला. शपथेने माणूस बांधला जातो, तसा दुसऱ्याच्या उपकारानेही बांधला जातो, हे ध्यानात आले की पुढचे पाऊल सोपे होते. ही जाणीव मराठीला अजिबात परकी नाही. आपण उपकाराचे ओझे म्हणतो, ऋणी म्हणतो, आणि त्या ओझ्याखाली मान वर करता येत नाही अशा माणसाला मिंधा म्हणतो. ‘मला कुणाचे ऑब्लिगेशन नको’ हे वाक्य मराठी घरांत सर्रास ऐकू येते. तिथे बोलणाऱ्याच्या डोक्यात कायदा नसतो, त्याला मिंधेपण नको असते. इंग्रजी शब्द आपण उचलला तो नेमका आपल्याला बोचणाऱ्या टोकाकडून.

याच शब्दाचे पोर्तुगीज भावंड गोव्याच्या जुन्या पिढीला ठाऊक आहे. 1961 पर्यंत तिथे पोर्तुगीज राजवट होती, आणि पोर्तुगीजमध्ये धन्यवाद देताना पुरुष ‘ओब्रिगादु’ म्हणतो, स्त्री ‘ओब्रिगादा’. शब्दशः ‘मी बांधलो गेलो’ आणि ‘मी बांधली गेले’. इथे लिंग पाहायचे ते बोलणाऱ्याचे. समोर कोण आहे याचा संबंध नाही.

आता सक्तीच्या बाजूकडे जरा थांबून पाहू, कारण खरी बारीक कलाकुसर तिथे आहे. ऑक्सफर्डचे कायद्याचे तत्त्वज्ञ एच. एल. ए. हार्ट यांनी 1961 मध्ये ‘द कन्सेप्ट ऑफ लॉ’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी एक साधा प्रसंग घेतला. एक दरोडेखोर पिस्तूल रोखून पैसे मागतो आणि समोरचा ते देतो. या माणसाबद्दल इंग्रजीत ‘ही वॉज ऑब्लाइज्ड टु’ म्हणता येते, म्हणजे पैसे देणे त्याला भाग पडले. पण ‘ही हॅड अ‍ॅन ऑब्लिगेशन’ म्हणता येत नाही, कारण दरोडेखोराला पैसे देणे हे काही त्याचे कर्तव्य नव्हते. हार्ट याची उलट बाजूही दाखवतात. सैन्यात हजर होणे ज्याला बंधनकारक आहे, तो पकडला जाण्याची जराही शक्यता नसली तरी त्याचे ‘ऑब्लिगेशन’ उरतेच. एकीकडे भीती आहे आणि कर्तव्य नाही. दुसरीकडे कर्तव्य आहे आणि भीती नाही. क्रियापद आणि त्याचेच नाम इतके दूर गेलेले असू शकतात, हे शब्दकोशातला अर्थ पाठ करून कळत नाही.

मराठीत हा भेद आपण सहज पाळतो. ‘भाग पडणे’ला कारण कोणतेही चालते. पिस्तूल असो, मुसळधार पाऊस असो की चुकलेली गाडी. ‘बांधील असणे’ला मात्र दिलेला शब्द, कायदा किंवा नाते लागते. पावसाला कोणी बांधील नसतो. म्हणून ‘ऑब्लाइज्ड’चे भाषांतर करताना आधी विचारावे, की बांधले कोणी? परिस्थितीने किंवा धाकाने बांधले असेल तर ‘भाग पडले’, वचनाने किंवा कायद्याने बांधले असेल तर ‘बांधील’. ‘द लॉ ऑब्लाइजेस एम्प्लॉयर्स टु...’ असे वाक्य आले तर ‘कायद्याने मालकांवर बंधनकारक आहे’. तिथे ‘भाग पडते’ लिहिले तर कायदा दरोडेखोराच्या रांगेत जाऊन बसतो.

उपकाराच्या बाजूची रचना त्या मानाने सोपी आहे. पुढे नाम आले तर ‘विथ’, क्रियापद आले तर ‘बाय’. आग्रहाखातर कोणी गाणे म्हटले तर ‘ही ऑब्लाइज्ड अस विथ अ साँग’. ‘ऑब्लायजिंग’ हे विशेषण कौतुकाचे आहे: सांगितलेले काम हसतमुखाने करणारा. त्याला ‘भिडस्त’ म्हणू नये. भिडस्त माणसाच्या तोंडून ‘नाही’ निघत नाही म्हणून तो करतो. ‘ऑब्लायजिंग’ माणूस खुशीने करतो. ‘आय वुड बी ऑब्लाइज्ड इफ...’ ही सुरुवात ऐकली तर मात्र सावध व्हावे. शब्द विनंतीचे असले तरी सूर बहुधा ताकिदीचा असतो. आपल्या न्यायालयांत वकील न्यायमूर्तींना ‘मच ऑब्लाइज्ड’ म्हणतात, आणि निर्णय विरुद्ध गेला तरी म्हणतात; तिथे तो निव्वळ शिष्टाचार आहे.

उच्चाराचीही एक गंमत आहे. अठराव्या शतकात अनेक प्रतिष्ठित इंग्रज ‘ऑब्लीज’ म्हणत, आणि अलेक्झांडर पोपने 1735 च्या एका कवितेत हा शब्द ‘बिसीज्ड’शी यमकात जुळवला आहे. पुढे तो उच्चार गावंढळ ठरला. ‘ऑब्लिगेट’ हे सख्खे भावंड अमेरिकेत आणि कायद्याच्या भाषेत अधिक चालते. जीवशास्त्रात त्याला ‘त्याशिवाय जगूच न शकणारा’ असा कडक अर्थ आहे. मांजर त्या अर्थाने ‘ऑब्लिगेट’ मांसाहारी आहे, आणि क्षयाच्या जंतूला वाढायला प्राणवायू लागतोच.

भारतीय इंग्रजीत या क्रियापदाचे सर्वांत पक्के घर म्हणजे अर्जाची शेवटची ओळ: ‘काइंडली डू द नीडफुल अँड ऑब्लाइज’. जुन्या इंग्रजी पत्रव्यवहारातून ती आपल्या कचेऱ्यांत आली आणि मराठी अर्जांत ‘उपकृत करावे’ झाली. शेजाऱ्याकडे शिडी मागताना, ओळखीच्या माणसाकडे शब्द टाकताना ती शोभते, कारण तिथे समोरचा खरोखरच उपकार करणार असतो. माहिती अधिकाराच्या अर्जात ती मला खटकते, आणि मनापासून खटकते. 2005 च्या त्या कायद्याच्या दुसऱ्या प्रकरणाच्या शीर्षकातच सार्वजनिक प्राधिकरणांच्या ‘ऑब्लिगेशन्स’चा उल्लेख आहे. माहिती 30 दिवसांत द्यायची असते, आणि प्रश्न जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा असेल तर 48 तासांत. रास्त कारणाशिवाय उशीर झाला तर अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, कमाल 25 हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. अर्जदाराने माहिती का हवी हेसुद्धा सांगायचे नसते. म्हणजे इथे बांधलेला आहे तो अधिकारी. ‘उपकृत करावे’ लिहिताच अर्जदार तो दोर सोडवून स्वतःच्या गळ्यात घालून घेतो. 2015 च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाखाली एखादा दाखला मागतानाही तेच. अशा अर्जाच्या शेवटी सेवा कोणत्या कायद्यानुसार आणि किती दिवसांत मिळायला हवी ते लिहावे, खाली तारीख घालून सही करावी आणि पोच घ्यावी.