नीळ उतरली का?

सकाळी ६.४०. फोन न्यू जर्सीचा. तिकडे रात्रीचे नऊ वाजून गेलेले. "दादा, फोटो बघितला. वरच्यांचंच पाणी ना?" कोथरूडच्या फ्लॅटमधल्या बेडरूमची भिंत ओली झालीय, कालच रात्री फोटो पाठवला होता. "संध्याकाळी सांगतो, वहिनी." माझ्याआधी यांचा फ्लॅट सांभाळणाऱ्या माणसाने अशीच ओल चार महिने दडवली होती. ती कळली शेजाऱ्यांकडून. भाडं वेळेवर येत होतं, तरी त्याचं काम सुटलं.

९.००. वरच्या मजल्यावरच्या आजी दारातच म्हणाल्या, "आमच्याकडून नाही हो गळत." त्यांना समजावण्यात आणि चहा पिण्यात अर्धा तास गेला. मग त्यांच्या नहाणीत कापडाचा बोळा कोंबला, दोन इंच पाणी साठवलं आणि त्यात कपड्यांची नीळ ओतली. गळत असेल तर खाली निळा डाग उतरेल. आजींना ते पटलं, कारण नीळ त्यांच्याच घरातली होती.

११.३०. बाणेर. नव्या भाडेकरूचे अंगठे घेणारा मुलगा मशीन घेऊन आलाय. मालक दुबईत, त्यांचा कुलमुखत्यार मी. "ओळखीतलाच आहे, नोंदणी कशाला?" असं त्यांनीही विचारून झालंय. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यात करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकावर आहे. नोंदवला नाही आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात. ते खोटं पाडण्याचं ओझं मालकावर. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. कैद म्हटल्यावर मालक लगेच हो म्हणाले.

मालक अनिवासी, त्यामुळे भाड्यातून भाडेकरूने कर कापून भरायचा, साधारण ३१.२ टक्के. हे मी फ्लॅट दाखवतानाच सांगतो. दोघे-तिघे तिथूनच परत जातात. जाऊ देत.

२.१५. वाकड. चार मुलं फ्लॅट सोडतायत. राहायला आली तेव्हाचे फोटो मोबाइलवर उघडून खोली-खोली फिरलो. ओट्याच्या ग्रॅनाइटचा कोपरा उडालाय, तीन किल्ल्यांपैकी एक गायब. हे दोन्ही डिपॉझिटमधून वळते. मालकांना मात्र अख्ख्या रंगाचे पैसेही कापून हवेत. बावीस महिन्यांत रंग आपोआप मळतो, त्याचे पैसे मुलांकडून मागायचे नसतात. फोनवर स्पष्ट सांगितलं. मालक गप्प झाले. रागावले असावेत.

मधेच एका सोसायटीच्या ऑफिसात डोकावलो. फ्लॅट भाड्याने दिला की सोसायटी लावते तो नॉन-ऑक्युपन्सी चार्ज सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर लावता येत नाही. बिलात जास्त होतं. सेक्रेटरी जेवायला गेलेले. उद्या.

५.००. पुन्हा कोथरूड. भिंतीवर निळं काही नाही. प्लंबरला बोलावून ठेवलंच होतं. त्याने गिझरच्या लाइनला प्रेशर पंप लावला, दाब वाढवला आणि आम्ही दोघं काट्याकडे बघत बसलो. पाच मिनिटांत काटा खाली आला. म्हणजे फुटलीय ती भिंतीतली आमचीच लाइन. टाइल्स फोडाव्या लागणार, आणि खर्च सगळा वहिनींचा. वर जाऊन आजींच्या नहाणीतला बोळा काढला. "मी सांगत नव्हते?" त्या म्हणाल्या. फरशीवर निळसर छटा राहिली होती, ती घासून दिली.

रात्री ८.००. तिकडे सकाळचे साडेदहा, वहिनी ऑफिसात असणार. निळा डाग नसलेल्या भिंतीचा फोटो आहे, काट्याचा व्हिडिओ आहे, प्लंबरने कागदावर लिहून दिलेला आकडा आहे. तिन्ही पाठवले आणि खाली लिहिलं : नीळ उतरली नाही. लाइन आपलीच आहे. भाडेकरूंनी बादलीने पाणी घ्यायचं कबूल केलंय, पण तीन दिवसच.

दोन निळ्या टिक्स आल्या. मग 'टायपिंग' दिसलं, थांबलं, पुन्हा दिसलं.

"बरं. उद्याच फोडायला घ्या. टाइल्स त्याच रंगाच्या मिळतील का?"